सोयरिकीचा चहा

डायलिसिसच्या हॉलमध्ये शिरलं की आधी वजनकाटा लागतो. त्या काट्यावर चढण्याआधी मी चपला काढतो, खिशातला मोबाईल काढतो, कमरेचा पट्टा काढतो आणि असेल नसेल तेवढा श्वास सोडून देतो. सिस्टर हे सगळं हाताची घडी घालून बघत असते. मग आकड्याकडं बघते आणि म्हणते, "काका, परवापासून तीन किलो सातशे वाढलंय. आता दात पण काढून ठेवता का?"

ही सिस्टर जुन्नरकडची. वयानं माझ्या मुलीएवढी, पण जीभ थेट माझ्या आत्याची. तिला मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं की तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं. ती म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही लोकांना बोललात, आता थोडं ऐका."

"काटा खराब आहे," मी म्हणतो.

"काटा खराब असता तर शेठजींना पण तेवढंच दाखवलं असतं."

शेठजी म्हणजे माझ्या अलीकडच्या खाटेवरचे. कापडाचं दुकान आहे त्यांचं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. सूर्य मावळला की त्यांचं अन्नपाणी बंद, आणि ही सवय त्यांना लहानपणापासूनची. त्यामुळं दोन डायलिसिसच्या मधे त्यांचं वजन कधी सव्वा किलोच्या वर वाढत नाही. सिस्टर त्यांचं कौतुक करायला लागली की ते पेपर वर करून तोंड झाकून घेतात. माणूस सज्जन आहे, तरी मला त्यांचा राग यायचा.

माझी खाट कोपऱ्यातली. तिथलं मशीनही माझ्यासाठी वेगळं ठेवलेलं आहे, तसा नियमच आहे. एसटीत पुढची सीट आमदारांसाठी राखीव असते, तसं माझं हे राखीव मशीन. कारण मला एचआयव्ही आहे.

तो कसा झाला, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. मी कुणाला उत्तर दिलं नाही आणि इथंही देणार नाही. माझ्या बायकोला उत्तर माहीत आहे, तेवढं पुरे. तिची तपासणी निगेटिव्ह आली. तो कागद हातात पडला त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं हसलो होतो. येणाऱ्या जाणाऱ्यांना वाटलं, याला वेड लागलं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र मी शहाणपणा केला नाही. आजार कळल्यावर वर्षभर गोळ्या आणायलाच गेलो नाही. घोडेगाव ते आहुपे या रस्त्यावरची निम्मी माणसं मला ओळखायची. गोळ्यांच्या रांगेत कुणी भेटलं तर काय सांगायचं, या लाजेनं पाय उचलायचा नाही. त्या एका वर्षात विषाणूनं आणि ब्लडप्रेशरनं मिळून माझ्या किडन्यांची वाट लावली. पुढं गोळ्या इमानानं घेतल्या, अजून घेतो, आणि आता विषाणू रिपोर्टमध्ये शोधूनही सापडत नाही. किडन्या मात्र गेल्या त्या गेल्याच. हळूहळू करत पूर्ण बसल्या आणि मी कोपऱ्यातल्या मशीनवर आलो.

मग हृदयाची पाळी आली. हृदयाचे डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी छातीवर गार जेल लावून पडद्यावर माझं हृदय मला दाखवलं.

"ही भिंत जाड झालीय. ही पोकळी फुगलीय. पंप कमी पडतोय. थोडं त्या जुन्या आजारानं, थोडं किडन्यांनी, थोडं प्रेशरनं. आणि तुमच्या अंगात साचतं त्या पाण्यानं बरंच. लघवी होत नाही तुम्हाला, त्यामुळं जे प्याल ते सगळं याला ओढावं लागतं."

"म्हणजे ओव्हरलोड," मी म्हणालो. "साहेब, बेचाळीस सीटच्या गाडीत ऐंशी माणसं कोंबून घाट चढवला की इंजिन असंच करतं."

ते हसले. "मग तुम्हाला समजलं. ऐंशी माणसं घेऊ नका. दिवसाला पाऊण लिटर, आणि त्यात सगळं आलं."

बायकोनं त्याच दिवशी पाण्याची एक बाटली घेऊन पाऊण लिटरवर काळा दोरा बांधला. सकाळी दोऱ्यापर्यंत पाणी भरायचं आणि दिवसभर तेच पुरवायचं. तहान फार लागली तर लिंबाची फोड चोखायची, नाहीतर चूळ भरून थुंकायची. मी चूळ भरायला लागलो की ती समोर येऊन उभी राहायची आणि माझा कंठ हलतो का ते बघायची. तिकीट न काढणाऱ्या पॅसेंजरकडं मी जसा बघायचो, तशी.

दोरा इमानानं पाळूनही माझं वजन वाढतच होतं. सिस्टरला संशय आला. एके दिवशी सुया टोचून झाल्यावर ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"काल दिवसभरात काय काय प्यालात?"

"पाऊण लिटर पाणी. दोऱ्यापर्यंत."

"आणि?"

"आणि काही नाही."

"चहा?"

"चहा असतो मधेमधे."

"मधेमधे म्हणजे किती, काका?"

मी मोजायला लागलो. एका हातात सुया, त्यामुळं दुसऱ्याच हाताच्या बोटांवर मोजावं लागलं. पाच बोटं संपली. मी परत अंगठ्यापासून सुरुवात केली, तेव्हा शेठजींनी पेपर खाली केला. नऊवर थांबलो.

"चहा कशाचा करतात तुमच्याकडं?" सिस्टरनं विचारलं.

"पावडर असते. साखर. आलं."

"आणि?"

"पाणी," मी म्हणालो.

आता खरं सांगायचं तर मला हे कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या भागात पाणी म्हणजे पाणी आणि चहा म्हणजे चहा. चहा हा मान आहे, तो कुणी लिटरमध्ये मोजत नाही. डॉक्टरांनी सगळं धरायला सांगितलं तेव्हा मी ताक धरलं होतं, आमटी धरली होती. चहा धरायचं मनातसुद्धा आलं नाही.

आणि माझा चहा साधा चहा नव्हता, तो सोयरिकीचा होता. तीस वर्षं डोंगरातल्या प्रत्येक वाडीवर गाडी थांबवल्यामुळं कुणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा पुण्याला कामाला लागलाय, कुणाची सासू तापट, कुणाची शेती नावापुरती, हे मला तोंडपाठ. तब्येतीच्या कारणानं, मेडिकलवर, नोकरी सोडून घरी बसलो तसे लोक स्थळं जुळवायला मला न्यायला लागले. आमच्याकडं मुलगी चहा घेऊन बाहेर येते. तो चहा घेतला की बोलणं पुढं सरकलं. नको म्हटलं किंवा कपात शिल्लक ठेवला, तर पाहुण्यांच्या मनात काहीतरी आहे असा सरळ अर्थ. मध्यस्थाचा कप सगळ्यांच्या आधी भरतात आणि तो काय करतो इकडं साऱ्या घराचं लक्ष असतं. बरं, एका घरी चहा झाला की भावकीतल्या बाकीच्या घरीही जावं लागतं, नाहीतर आपल्याला डावललं म्हणून ते वर्षभर धरून ठेवतात. म्हणजे एक सोयरीक म्हणजे किमान चार कप.

हे सगळं मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मग सोपं आहे. एक घोट घ्यायचा आणि कप खाली ठेवायचा."

"सोपं नाही ते."

"का?"

मग मला तिला मागचं सांगावं लागलं. माझ्या आजाराची बातमी वर डोंगरात गेली ती माझ्याच गाडीनं गेली, आणि तीही विनातिकीट. त्यानंतर बायका पदराच्या टोकानं तिकीट घ्यायला लागल्या. आधी शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला आणि मला कुठल्या ना कुठल्या घरून चहा यायचा. तो फक्त ड्रायव्हरला यायला लागला. मी एखाद्या घरात गेलो तर "चहा संपलाय बघा, कंडक्टर." चुलीवर आधण उकळताना दिसायचं आणि चहा संपलेला असायचा. अशी चार वर्षं गेली. मग कागदी कप आले. लग्नकार्यात सगळ्यांना स्टीलचा पेला आणि मला कागदी. तेव्हा मला एवढा संताप यायचा की तो कप मी मुद्दाम खिशात घालून घरी आणायचो आणि चुलीत टाकायचो.

आणि मग एके दिवशी शेजाऱ्याच्या घरी गेलो होतो. शेजारी म्हणजे भिंतीला भिंत. त्याच्या बायकोकडचे कागदी कप संपले होते. ती आत क्षणभर घुटमळली आणि मग घरातल्या कपबशीत चहा घेऊन आली. निळ्या फुलांचा कप, कानाला टवका गेलेला. मी चहा प्यालो आणि आणखी एक मागितला.

"लई आवडला व्हय?" ती म्हणाली.

"लई," मी म्हणालो. पावडर जुनाट होती आणि चहाला धूर लागला होता.

ते बघून दुसऱ्या घरानं कप दिला, मग तिसऱ्यानं, आणि सोयरिकीची बोलावणी त्यानंतरच यायला लागली. मी जो चहा पितो तो असा परत मिळालेला आहे, आणि तो मला कुठल्याही डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडायचा नव्हता.

"पण मी सोडायला कुठं सांगतेय? घोट घ्या म्हणतेय," सिस्टर म्हणाली.

"सिस्टर, रिकामा कप कुणीही उचलतो. त्यात चहा उरला की ते माझं उष्टं होतं. ते कुठं ओतायचं, त्या कपाला हात कुणी लावायचा, हा विचार बाईच्या डोळ्यांत येताना मी बघितलाय. त्यांना तो विचार करायला लागू नये म्हणून मी तळापर्यंत पितो."

ती म्हणाली, "उष्ट्यानं हा आजार होत नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," पेपरामागून शेठजी म्हणाले.

"पण त्या लोकांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"ज्याचं हृदय आहे त्यानं," सिस्टर म्हणाली आणि मशीन कशानं वाजतंय ते बघायला उठली. मला तिचा रागच आला. तोंड वळवून मी झोपेचं सोंग घेतलं.

मी काही सुधारलो नाही. माघात लग्नाची घाई असते. एका दिवशी शिनोलीच्या आसपास चार घरं केली, दोन स्थळं जवळजवळ पक्की केली आणि दुपारी स्टँडवर गाडीची वाट बघत बाकावर बसलो. बसल्या बसल्या श्वास पुरेना. मागं टेकलो तर आणखी पुरेना. उठून उभा राहिलो, शर्टाची बटणं काढली, तरी छातीत कुणीतरी पाणी ओतत असल्यासारखं वर वर चढत होतं. चांगलं ऊन पडलेला दिवस, आजूबाजूला माणसं भेळ खात होती आणि मी तिथं उभ्या उभ्या बुडत होतो. बरोबर आलेल्या शेजाऱ्यानं कुणाची तरी जीप थांबवली, मला मागं घातलं आणि डायलिसिसला आणलं. सिस्टरनं वजन न करताच मशीन लावलं.

दुसऱ्या दिवशी परत पडदा, परत गार जेल. डॉक्टरांनी या वेळी काही विनोद केला नाही.

"पंप आणखी खाली आलाय. पुन्हा असं पाणी साचलं तर तुम्ही मशीनपर्यंत पोचणार नाही. मी घाबरवत नाही, आहे ते सांगतोय."

बायको शेजारी उभी होती. एरवी ती अशा वेळी माझ्या सात पिढ्या काढते. त्या दिवशी काही बोलली नाही. घरी आल्यावर बाटलीचा दोरा सोडून तिनं तो आणखी खाली बांधला आणि भाकरी थापायला बसली. तिचं ते गप्प बसणं बघून मी पहिल्यांदा खरा घाबरलो. मी जाहीर करून टाकलं की आजपासून सोयरिकी बंद.

आठ-दहा दिवस मी घरात बसलो. वजन झकास राहिलं. सिस्टरनं शेठजींच्या बरोबरीनं माझं कौतुक केलं आणि शेठजींनी मला पेपरातलं शब्दकोडं सोडवायला दिलं. तरी घरी जीव लागेना. अंगणातून माणसं जायची यायची, "चला कंडक्टर, चहा घ्या" म्हणायची, आणि मी आतूनच नाही म्हणायचो. एकदा बायको म्हणाली, "आधी लोक तुम्हास्नी लांब ठिवत व्हती, आता तुमी लोकास्नी ठिवताय." मी तिच्यावर खेकसलो, कारण ती बरोबर बोलली होती.

फाल्गुन लागला आणि शेजारी येऊन उंबऱ्यावर बसला. त्याच्या मुलासाठी घाटघरचं स्थळ आलं होतं. ते मीच महिन्यापूर्वी सुचवलं होतं.

"तू आला नाय तर बोलनार कोन?" तो म्हणाला. "मला तर राव दोन वाक्यं बी नीट जुळवता येत न्हाईत. पोराचं लगीन मोडल."

"मी यायचं बंद केलंय. स्टँडवर बघितलंस ना तू?"

"बघितलं की." तो खाली बघत राहिला. "तरी बी चल."

मी नाही म्हणणार एवढ्यात आतून बायको म्हणाली, "जात्याल ते. पन मी बी येनार हाय."

जुन्नरमार्गे जीपनं आम्ही घाटघरला गेलो. शेजारी, त्याचा मुलगा, मी आणि माझ्या मागं बसून माझ्या मानेवर नजर ठेवलेली बायको. निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस झालं होतं आणि सिस्टरनं निरोप दिला होता, "एक घोट. दुसरा घेतलात तर मला कळतं."

घर नीटनेटकं होतं, ओटी ताजी सारवलेली. मुलीचे आईवडील साधे, भातशेतीतली माणसं. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. पाण्याचा तांब्या आला, मी नुसता हात लावून पुढं सरकवला. आईनं दारातून विचारलं, "च्या घेताय ना?"

माझी हिंमत तिथंच गळाली. "आज उपास आहे," मी म्हणालो.

"मंग दूद आनते."

"दूध सोसत नाही."

"मंग ताक घ्या की, आजचंच हाय."

"ताकानं खोकला येतो."

"लिंबाचं सरबत करते मंग. उनातनं आलाय, गडवाभर घ्या."

प्रत्येक खोटं बोललो की भांडं मोठं होत होतं. बायकांच्या बाजूला माझी बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी मी म्हणालो, "असू द्या, चहाच चालेल." उपासाचं काय झालं, हे त्या माउलीनं विचारलं नाही.

मुलगी चहा घेऊन आली. सडसडीत, धीट डोळ्यांची. पहिला कप माझ्यापुढं, अगदी काठोकाठ. गवती चहाचा वास सुटला होता. मी कप उचलला, एक घोट घेतला. काय चहा होता म्हणून सांगू! आणि मी तो खाली ठेवला.

सगळ्यांनी बघितलं. मुलीच्या वडिलांनी थोडं थांबून विचारलं, "का वो पावणं, काय चुकलं का आमचं?" मुलीचा चेहरा उतरला. शेजाऱ्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याचा मुलगा माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याचं घर जाळलंय.

भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या काचेपर्यंत आवाज पोचवणारा मी, पण तिथं मला घसा खाकरावा लागला.

"चहात खोट नाही आणि मुलीत तर नाहीच नाही," मी म्हणालो. "खोट माझ्यात आहे. माझ्या किडन्या गेल्यात आणि हृदय सुजलंय. जास्त प्यालो की पाणी छातीत चढतं. गेल्या महिन्यात मरता मरता वाचलो. हा शेजारी साक्षीदार आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वडील म्हणाले, "आवं मग आधी न्हाई का सांगायचं!" खरं तर मी इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मुलीनं तो कप उचलायला हात पुढं केला, आणि मला वाटलं, हिला न सांगता हिच्या हातात उष्टं द्यायचं नाही. शेजाऱ्याच्या घरी सून म्हणून येईल तेव्हा कुणीतरी सांगेलच, आणि मग हिला आजचा कप आठवेल.

"थांब, पोरी," मी म्हणालो. "मला एचआयव्ही पण आहे. बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. कप उचलल्यानं, उष्ट्यानं तो कुणाला होत नाही. पण तुला माहीत असलेलं बरं."

मुलीचा हात तिथंच थांबला. वडील चटईच्या काड्या मोजायला लागले. माझी बायको उठून उभी राहिली, बहुतेक जायच्या तयारीनं. आणि माझं हृदय, ते सुजकं, कमी पडणारं, असं काही धडधडायला लागलं की मला वाटलं आता हे इथंच बंद पडणार आणि शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न कायमचं मोडणार.

मुलीची आई दारातून पुढं आली. तिनं लेकीला बाजूला केलं आणि माझा कप उचलला.

"आजच्या दिवशी भायेर आलेला च्या माघारी आत न्हेत न्हाईत आमी," ती म्हणाली. आणि उभ्या उभ्या तिनं तो सगळा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं, रिकामा कप लेकीच्या हातात दिला आणि म्हणाली, "साखर बरुबर हाय." मग माझ्याकडं वळली. "भाकर तरी खाताय न्हवं, का त्ये बी न्हाई?"

मी रडलो. लपवायचा प्रयत्नही केला नाही. चार वर्षं चहा संपला म्हणून ऐकताना रडलो नव्हतो, डॉक्टरांनी पंपाचं सांगितलं तेव्हा रडलो नव्हतो, आणि तिथं मुलगी बघायला आलेला मध्यस्थ म्हणून बसलो असताना नाक ओढत रडलो. "खातो," एवढंच म्हणता आलं. माझी बायको त्या बाईजवळ जाऊन बसली आणि दोघी काहीतरी हळू बोलत राहिल्या. काय बोलल्या ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

बोलणी झाली. मुलाला मुलगी पसंत होतीच. मुलीनं दोन प्रश्न विचारले, दोन्हीची उत्तरं मुलाला नीट देता आली नाहीत, आणि तरी ती हसली, म्हणून आम्ही होकार धरला. नाचणीची भाकरी झाली. मग रिवाजाप्रमाणं भावकीतल्या घरी जाणं आलं. मुलीच्या चुलत्याचं घर शेजारीच होतं. तिथंही पुन्हा ओटी, पुन्हा चटई, पुन्हा चहा, आणि पहिला कप माझ्यापुढं.

मी एक घोट घेतला. कप खाली ठेवायला वाकलो. चुलत्याला काय आणि कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

शेजारी माझ्या उजव्या हाताला बसला होता. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याच्या घरी मी शेकडो कप चहा प्यालोय, त्याच्याच बायकोनं मला पहिल्यांदा खरा कप दिला, स्टँडवर त्यानंच मला जीपमध्ये घातलं. पण एवढ्या वर्षांत माझ्या कपातलं, माझ्या ताटातलं काही त्यानं कधी तोंडाला लावलं नव्हतं. मीही तशी वेळ येऊ दिली नव्हती, आणि या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. समोर चुलत्याकडं बघत, त्याच्या भाताच्या जातीविषयी काहीतरी विचारत, त्यानं माझ्यापुढं हात केला.

"आन हिकडं," म्हणाला. "गार व्हतोय."